फुली मारण्याचा अधिकार

राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा उच्चारलं आहे की एखाद्या रात्री झोपेत बडबडलो तरी सौ. कूस बदलून झोपेल. काउंटरपलीकडून एखादे गृहस्थ वर्तमानपत्राची घडी पुढे सरकवतात. बँकांनी अमुक इतकी कर्जं राइट-ऑफ केली, अशी त्यात बातमी असते, आणि त्यांचा प्रश्न साधाच असतो, "मग माझ्या स्कूटरच्या कर्जानंच काय घोडं मारलंय?" मग मी समजावू लागतो. हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं, बँक नफ्यातून त्याची तरतूद करत जाते आणि पुढे केव्हातरी ते ताळेबंदातून काढून टाकते. पण कर्जदाराचं देणं जिथल्या तिथं. वसुली चालूच. ओळ वहीतून गेली, डोक्यावरून गेली नाही. गृहस्थ सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे मोठ्यांचं जमतं, आमचं जमत नाही. असंच ना?"

याला उत्तर देण्याचे अधिकार क्लार्कला नाहीत. (क्लार्क हा शब्दही आता उरला नाही म्हणा. २०२४ च्या करारापासून आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो. नाव लांबलं, रांग होती तेवढीच आहे.)

पण हा प्रश्न अलीकडे मला काउंटरच्या अलीकडेही पडू लागला आहे, आणि त्याचं कारण माझ्या मोबाइलमधली एक फाइल. तिचं नाव 'कामे डॉट टीएक्सटी'. तिच्यात माझी सगळी कामं आहेत, एका ओळीला एक. विजेचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, दळण, मेव्हण्याच्या मुलीच्या फॉर्मवर सही, दाढेचा डॉक्टर. सगळ्यांत वर 'श्री' घातलेला आहे. आमच्याकडे वाण्याच्या यादीलाही श्री घालायची पद्धत होती; साबुदाण्याला जो मान मिळत होता तो दाढेच्या डॉक्टरला का मिळू नये?

अशा फाइलला प्लेन टेक्स्ट म्हणतात. आपण 'साधा मजकूर' म्हणू. साधा म्हणजे किती साधा, तर ठळक अक्षर नाही, रंग नाही, चौकट नाही, चित्र नाही. वरणभात, तोही तुपाशिवाय. पण त्यामुळेच ती कुठल्याही फोनवर आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. मराठीला हे भाग्य पूर्वी नव्हतं. प्रत्येक फाँटची आपली निराळी मांडणी असायची, आणि एका ऑफिसात टाइप केलेलं परिपत्रक दुसऱ्या ऑफिसात उघडलं की कुणीतरी रागाच्या भरात कीबोर्डवर बसून गेल्यासारखं दिसायचं. (काही परिपत्रकांत फारसा फरक पडत नसे, ते सोडा.) देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ साली जागा मिळाली. १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखाली घालायच्या कागदावर, यूटीएफ-८ नावाची पद्धत आखली. आज जगभर तीच चालते. तिच्यात इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं आणि देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी यांचे वेगळे. मी बसून हिशेब केला आहे. 'साहेब' पंधरा बाइट. 'बायको' बरोबर पंधरा. 'आई' सहा.

या साधेपणापर्यंत मी सरळ रस्त्यानं आलो नाही. आधी चिरंजिवांनी फोनवर एक ॲप घालून दिलं होतं. ते वाजायचं. सकाळी सातला पाणी प्या म्हणून वाजायचं, साडेसातला दीर्घ श्वास घ्या म्हणून वाजायचं. मी त्या वेळी लोकलच्या दारात असतो, तिथे श्वास मिळेल तेवढा घ्यायचा असतो, दीर्घ की ऱ्हस्व हे आपल्या हातात नसतं. दळण आणल्याची खूण केली की पडद्यावर रंगीबेरंगी कपटे उडायचे आणि माझं अभिनंदन व्हायचं. दहा किलो गहू दळून आणल्याबद्दल माझा जाहीर सत्कार त्यापूर्वी कुणी केला नव्हता. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी सत्कारासाठी कामं शोधू लागलो. मग दुसरं ॲप आलं. ते सगळं कुठेतरी ढगात साठवून ठेवायचं. एके दिवशी त्या कंपनीनं दुकान बंद करत असल्याचं कळवलं आणि ढग विरून गेला. त्यात माझं काय गेलं ते सांगता येत नाही, कारण काय काय होतं ते त्यातच लिहिलेलं होतं.

तेव्हापासून ही फाइल. मार्कोर नावाचं एक फुकटचं ॲप आहे, ते अशा फाइली नेटशिवाय उघडतं, लिहू देतं आणि गप्प बसतं. फाइल माझ्या फोनच्या पोटात. पुण्याच्या गाडीत खंडाळ्याचे बोगदे लागले आणि डब्यातले सगळे लोक आपापल्या फोनकडे प्रेत पाहावं तसे पाहू लागले की मी शांतपणे 'कामे' उघडतो. लिहिण्याची पद्धतही मी माझ्या मनची काढलेली नाही. जिना ट्रपानी नावाच्या बाईंनी २००६ साली ती घालून दिली. एक काम, एक ओळ. महत्त्वाचं असेल तर आरंभी कंसात ए, बी, सी. आणि काम झालं की ओळीच्या सुरुवातीला लहान लिपीतला एक्स. म्हणजे आपली फुली. बस्स. एवढ्यासाठी मी चिरंजिवांच्या दोन ॲपांतून गेलो.

आता या फाइलचे दोन गुण आहेत, आणि तुम्हाला वाटेल की दोष आहेत.

पहिला असा की ती वाजत नाही. तिच्याकडे आपण जावं लागतं. माझ्या आईची पद्धत याच्या नेमकी उलटी. ती पदराला गाठ मारते. गाठ दिवसभर हाताला लागत राहते आणि काहीतरी करायचं आहे हे सांगत राहते; काय करायचं आहे ते सांगत नाही. लहानपणी पदराला दोन गाठी दिसल्या की आम्ही घाबरायचो, कारण त्यांतली एक आमच्यापैकी कुणाच्या तरी मास्तरांना भेटण्याची असे, आणि कुठली ते आईलाही ठाऊक नसे. माझी फाइल काय करायचं ते अक्षरशः सांगते, पण आपण होऊन तोंड उघडत नाही. दोन्हींचं लग्न लावलं की चिरंजिवांचं ॲप तयार होतं, आणि ते वाजतं. वाजण्याला माझा विरोध एवढाच की घंटेनं उठणारा माणूस जागा होतो, पण त्याला जाग आली असं म्हणवत नाही. फाइल रोज सकाळी आपण होऊन उघडायची, एवढी तरी आठवण माझी मी ठेवतो.

दुसरा गुण अधिक गंभीर आहे. या फाइलला ऑडिटर नाही.

बँकेत काहीही पुसता येत नाही. वह्यांच्या काळात चुकीचा आकडा एका रेघेनं छेदायचा, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. रबर दिसलं तरी खातेप्रमुखाच्या भुवया वर जात. आता कॉम्प्युटर आहे, तर उलटी नोंद घालावी लागते, आणि मूळ नोंद नि उलटी नोंद दोघी सवतींसारख्या जन्मभर शेजारी शेजारी नांदतात. शिवाय नोंद एकानं करायची आणि दुसऱ्यानं तपासायची. फाइलमध्ये करणारा मी आणि तपासणारा मीच. ओळीवर बोट दाबून धरलं, कात्रीवर टेकवलं, ओळ गेली. व्रण नाही, सही नाही, साक्षीदार नाही. चित्रगुप्ताकडेसुद्धा अशी सोय नसावी, आणि त्याचं तर सगळं खरोखरच ढगात आहे.

काम टाळायचा सर्वांत सभ्य मार्ग म्हणजे ते लिहून ठेवणं, हे तर आपण सगळेच जाणतो. "लिहून ठेवलंय" म्हटलं की समोरचा निम्मा गप्प होतो. कुठल्याही कचेरीत "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे" हे वाक्य ऐकलं की माणूस समाधानानं पायऱ्या उतरतो. पण लिहिण्यातला धोका छोटा. खरा धोका फुलीत आहे, हे मला सौ.नं दाखवून दिलं.

गॅस सिलिंडरची तारीख बघायला तिनं माझा फोन घेतला होता.

"हे काय?" ती म्हणाली.

"कुठलं?"

"आईंशी बोलणे." फाइलमध्ये 'आईशी' आहे, आदरार्थी अनुस्वार सौ.चा.

"बरोबर आहे मग."

"तीन खोल्यांच्या घरात राहतो आपण. भिंतीपलीकडे असतात त्या. आणि त्यांच्याशी बोलायचं तुम्ही दळणाखाली लिहून ठेवता?"

"दळणाच्या वर आहे," मी म्हटलं. "ए लावलाय त्याला."

या खुलाशानं वातावरण निवळलं नाही. मी सकाळी घर सोडतो, रात्री आठला परत येतो. मग जेवण, बातम्या, उद्याचे डबे. आईशी माझं रोज बोलणं होतं, नाही असं नाही. 'गोळी घेतलीस?', 'दार लावलंस?', 'पंखा कमी करू?' याला आम्ही बँकेत काउंटर ट्रॅन्झॅक्शन म्हणतो. मला अभिप्रेत होतं ते जरा टेकून, विषय काढून बोलणं. आणि ज्या गोष्टी आपोआप होत नाहीत त्या लिहाव्यात, हे माझं मत मी सौ.ला ऐकवलं.

"जे लिहून ठेवावं लागतं ती कसली माया?" सौ. म्हणाली.

हा प्रश्न ऐकायला जितका बिनतोड वाटतो तितका तो नाही. "नानांची तिथी आपण पंचांगात बघतो," मी म्हटलं. "कालनिर्णय १९७३ साली निघालं. तेव्हापासून घरोघरच्या भिंतीवर संकष्टी, श्राद्धपक्ष, भाऊबीज सगळं छापलेलं आहे. भाऊबीज छापलेली असते म्हणून तुझा भाऊ तुझ्यावर छापील माया करतो का?"

"माझ्या भावाला मध्ये आणू नका."

"बरं, नाही आणत. पण मुद्दा कळला ना?"

"कळला. मला एवढंच सांगा, बोलून झालं हे ठरवतं कोण?"

"म्हणजे?"

"फुली कोण मारतं?"

"मी. फाइल माझी आहे."

"आणि आईंना वाटलं, नाही झालं बोलून, तर?" असं म्हणून ती सिलिंडरची तारीख न बघताच आत गेली.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तत्त्वज्ञानाचा आणि माझा संबंध परीक्षेत न आलेल्या प्रश्नाइतकाच. पण सौ.च्या प्रश्नाचं उत्तर आमच्या शाखेत पहिल्या वर्षालाच आहे. पावती कोण देतो? पैसे देणारा देत नाही, घेणारा देतो. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट चिकटवून त्यावर सही करून देतो. उद्या एखाद्या कर्जदारानं घरी बसून स्वतःच्या डायरीत 'फिटलं' असं लिहिलं आणि ते पान आम्हाला आणून दाखवलं, तर आम्ही त्याला पाणी देऊ, बसवू, घरच्यांना फोन करू. मग कामाच्या यादीत तेवढा देणाऱ्यालाच फुली मारायचा अधिकार कुणी दिला?

विजेच्या बिलाला अडचण नाही, ती कंपनी पावती देते. दळणालाही नाही. पण 'समाचाराला जाऊन येणे' या ओळीचं काय करायचं? माणूस दवाखान्यात जातो, शहाळं ठेवतो, 'बरे दिसताय' असं खोटं बोलतो, चहा नको म्हणतो, दोनदा घड्याळ बघतो आणि जिना उतरता उतरता फुली मारतो. खाटेवरच्या माणसानं पावती दिली का? आणि फुली एकदा पडली की गोष्ट मनातून उतरते, हा त्यातला खरा घोटाळा. ब्लुमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली हेच मांडलं होतं, की अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. म्हणजे अवेळी मारलेली फुली ही नुसती आशावादी नोंद नव्हे. ती त्या माणसाला आपल्या डोक्यातून डिस्चार्ज देऊन मोकळी होते. तो बिचारा अजून वॉर्डातच असतो.

काही ओळी अशा असतात की देणारा आणि घेणारा एकच. 'वजन कमी करणे' ही माझ्या फाइलमधली सर्वांत ज्येष्ठ ओळ आहे. इथे पावती मागायची कुणाकडे? हिशेबशास्त्र म्हणतं की धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकानं घातलेलं भांडवल हे धंद्याचं मालकाला देणं असतं. त्या न्यायानं माझं पोट हे माझं मला देणं आहे आणि ते दरसाल वाढतं आहे. याहून अधिक खोलात मी जात नाही.

फुलीचा अर्थ नेहमीच 'संपलं' असा नव्हता, ही मात्र सांगण्यासारखी गोष्ट. दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध करणारा लुका पाचोली हा इटालियन भिक्षू आम्हाला अभ्यासाला होता. १४९४ साली व्हेनिसला त्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यात व्यापाऱ्यानं तीन वह्या ठेवाव्यात असं तो सांगतो. पहिली स्मरणवही, तिच्यात दिवसभरात जे घडेल ते घरातल्या कुणीही लगेच टिपायचं, मग रोजकीर्द, मग खतावणी. स्मरणवहीतली नोंद कीर्दीत घेतली की मूळ नोंदीवर तिरपी रेघ मारायची. म्हणजे ती रेघ सांगते की ही बाब आता पुढच्या वहीत गेली. माझी 'कामे डॉट टीएक्सटी' ही फार तर स्मरणवही. पुढच्या दोन वह्या कुणाकडे असतात ते कळत नाही, एवढीच अडचण.

आणि घेणारा उरलाच नसेल तर? हा प्रश्न मी उगीच काढत नाही. माळ्यावरची सफाई करताना नानांच्या जुन्या डायऱ्या सापडल्या. नाना रेल्वेत होते. दरसाल कुणी ना कुणी फुकट दिलेली डायरी ते वापरत, आणि तिच्यात साधा मजकूर सोडून दुसरं काही नसे. दूध, रॉकेल, शाळेची फी, कुणाला तार केली, कुणाचे किती द्यायचे. दिलं की त्यावर लाल पेन्सिलीनं फुली. १९८४ च्या डायरीत ऑगस्टच्या एका पानावर ओळ आहे : 'इस्त्रीवाल्याचे ११ रु. ७५ पै. देणे'. तिच्यावर फुली नाही. मी पुढची पानं पाहिली, १९८५ ची डायरीही पाहिली. कुठेही नाही.

आता कायद्यानं बघायचं तर प्रश्नच मिटतो. मुदतीचा कायदा १९६३ चा. अशा येण्यासाठी तीन वर्षांत दावा लावायचा, नाहीतर विसरायचं. म्हणून तर आम्ही मुदत सरण्याआधी कर्जदाराकडून देणं असल्याची लेखी कबुली घेतो. सही झाली की तीन वर्षं नव्यानं सुरू. पण याच कायद्याची एक गंमत वकील लोक सांगतात. मुदत गेली की दाव्याचा हक्क बुडतो, देणं बुडत नाही. ते तसंच असतं, फक्त मागायला कोर्टाचं दार बंद. १८७२ चा करार कायदा तर आणखी पुढे जातो : मुदतबाह्य देणं फेडीन असं कुणी लिहून सही केली, तर ते वचन बंधनकारक. बदल्यात काही मिळालं नाही म्हणून सुटका नाही. मेलेलं देणं माणसाच्या एका ओळीनं उठून बसतं. इंग्रजांनी आपल्याला दिलेल्या गोष्टींत इतकी धार्मिक गोष्ट मला दुसरी दिसली नाही.

आपल्याकडे तर माणूस जन्मतो तोच देवाचं, ऋषींचं आणि पितरांचं अशी तीन देणी घेऊन, आणि त्यांतलं एकही घेणाऱ्याच्या हातावर ठेवता येत नाही. पितरांचं फेडायचं ते पोरंबाळं वाढवून. म्हणजे चिरंजीव हा माझा हप्ता. त्याच्याकडे पाहून पितर पावती देतील की नाही, याबद्दल मी तूर्त बोलत नाही.

पण हे अकरा रुपये पंचाहत्तर पैसे द्यायचे कुणाला? चाळीस वर्षं धरून सहा टक्के चक्रवाढीनं ते सुमारे १२१ रुपये होतात. रकमेचं काही नाही. त्या इस्त्रीच्या दुकानाच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वीचं कुणीच तिथे नाही, कुठे गेले ते आसपास कुणाला माहीत नाही. नेमकी रक्कम रोख मोजायची म्हटली तरी पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालेलं आहे. ती ओळ मी माझ्या फाइलमध्ये उतरवून घेतली आणि रात्री जेवणानंतर आईजवळ जाऊन बसलो.

"आई, आपला इस्त्रीवाला आठवतो?"

"कोपऱ्यावरचा? न आठवायला काय झालं! कोळशाची इस्त्री होती त्याची. तुझ्या मुंजीतला जरीचा सदरा जाळला होता त्यानं. रडला होता बिचारा. नाना काही बोलले नाहीत त्याला."

"नानांकडे त्याचे पैसे राहिले होते का?"

"छे रे. ते कुणाचं ठेवत नव्हते."

"डायरीत फुली नाही."

"दिले असतील. फुली मारायची राहिली असेल."

"दिल्यावर फुली मारायला कधी चुकले नाहीत ते. सगळ्या डायऱ्या बघितल्या मी."

आई माझ्याकडे बघत राहिली. "तू तुझ्या बापाला बघितलंयस की डायरीला?"

याला बँकेत उत्तर नाही. बँकेत डायरीच बघायची असते. माणसाकडे बघून नोंदी मान्य करू लागलो तर संध्याकाळी कॅश जुळायची नाही. आई माणूस बघून नोंद मान्य करते. तिच्या वहीत नानांच्या नावे बाकी शून्य आहे आणि ऑडिटला कुणी आलंच तर ती त्याला चहा देईल, पण बाकी तीच सांगेल. मग ती इस्त्रीवाल्याच्या बायकोबद्दल बोलली. त्या बाईंना आईनं स्वेटर विणायला शिकवला होता, ते मला नवीन. मग १९८४ च्या पावसाबद्दल, मग चाळीतल्या नळाबद्दल, नानांच्या रात्रपाळीबद्दल. नाना रात्रपाळीला निघताना आम्ही झोपलेलो असायचो आणि ते आमच्या गाद्यांवरून पाय न लागू देता कसे जायचे, ते तिनं बसल्या जागी हातांनी करून दाखवलं. तास-सव्वा तास गेला असेल. सौ. दोनदा दाराशी येऊन गेली.

उठताना मी फोन काढला. 'आईशी बोलणे' वरच होतं, ए लावलेलं. पण पावतीचा नियम आता मला लागू होता.

"आई, आज आपलं बोलणं झालं ना?"

"कसलं बोलणं?"

"हेच. आत्ता बोललो ते."

"हे होय? हे इस्त्रीवाल्याबद्दल झालं," आई म्हणाली. "मला तुझ्याशी वेगळंच बोलायचं होतं." तिनं पदर चाचपला. गाठ होती. बोटांत धरून तिनं ती दिव्याकडे केली, जशी काही त्यावर अक्षरं असावीत. "काय बरं... सकाळपासून हाताला लागतेय."

"आठव."

"आठवलं की सांगते. तू असं कर, त्या तुझ्या फोनात लिहून ठेव."

"काय लिहू?"

"लिही, आईला काहीतरी सांगायचंय."

मी लिहिलं. तिनं फोन हातात घेतला, चष्मा लावला, ओळ एकदा मोठ्यानं वाचली आणि 'बरोबर' म्हणाली. पदराची गाठ मात्र तिनं सोडली नाही.